पार्सल आलं दाराशी

नागपुरात गोळीबार चौक किंवा पाचपावली भागातल्या एखाद्या सावजी भोजनालयासमोर उभं राहून पार्सल बांधताना एकदा नीट पाहावं. उकळता रस्सा पळीनं थेट पिशवीत ओततात. तोंडाला पीळ देऊन दोऱ्याचे चार-पाच वेढे मारतात. कोंडलेल्या वाफेनं पिशवी टम्म फुगते, वर लाल तर्रीचा थर चढतो आणि बाहेरून हात लावला तरी चटका बसतो. पोळ्या कागदात, कापलेला कांदा आणि लिंबाची फोड वेगळ्या पुडीत. हे सगळं मोठ्या पिशवीत जातं, गाठ बसते, काउंटरवरून पिशवी दुसऱ्या हातात जाते, मग दुचाकीवर आणि शेवटी कुणाच्या तरी फाटकाशी.

करोनाच्या काळात हीच पिशवी घराघरांत वादाचा विषय झाली. बाहेरचं मागवायचं की नाही? मागवलं तर पिशवी घरात घ्यायची कशी? वरून सॅनिटायझर मारायचा की डबा धुवायचा? त्या वेळी या प्रश्नांची घाबरीघुबरी उत्तरं दिली गेली आणि ते स्वाभाविकही होतं. आता शांतपणे मांडण्याइतकी माहिती हाताशी आहे. तिच्यातून जे दिसतं ते पुढच्या साथीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे: आपण ज्या वस्तूला भ्यालो ती जवळजवळ निर्धोक होती, आणि ती वस्तू रांधणारी, बांधणारी, पोचवणारी माणसं खऱ्या धोक्यात उभी होती.

नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला तो ११ मार्च २०२० रोजी. अमेरिकेहून परतलेली ती व्यक्ती होती. २० मार्चला राज्य सरकारनं मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरही बंद करण्याची घोषणा केली आणि चारच दिवसांत देशभर टाळेबंदी आली. केंद्राच्या २४ मार्चच्या आदेशात ई-कॉमर्समार्फत खाद्यपदार्थ पोचवण्याला सूट होती. महाराष्ट्रात हॉटेलात बसून जेवण्याची परवानगी मिळाली ती थेट ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या क्षमतेनं. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाखाली ती पुन्हा गेली. म्हणजे साथीचा मोठा काळ हॉटेलचं जेवण याचा अर्थ पार्सल एवढाच होता.

आधी अन्नाचं पाहू. करोनाच्या विषाणूभोवती मेदाचं पातळ आवरण असतं. उष्णता आणि साबण दोन्ही ते सहज मोडतात. प्रयोगशाळेत द्रवात ठेवलेला हा विषाणू ७० अंश सेल्सियसला पाच मिनिटांत निष्प्रभ झाला. उकळता रस्सा त्याच्या कितीतरी वर असतो. तेव्हा चुलीवरून उतरलेल्या भाजीत, वरणात, भातात विषाणू जिवंत उरण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न उरतो तो शिजल्यानंतर हाताळल्या जाणाऱ्या गोष्टींचा: पोळी, कोशिंबीर, कांद्याची पुडी. समजा, बांधणारा शिंकला आणि चार थेंब कांद्यावर पडले. तरीही या विषाणूला घर करायला श्वसनमार्ग लागतो. गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरातल्या आम्लात जातो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं की अन्नातून या रोगाची लागण झाल्याचा पुरावा नाही. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, हेच सांगितलं. नंतर जगभर कोट्यवधी रुग्ण झाले, पण जेवणातून करोना झाल्याची सिद्ध साखळी पुढे आली नाही.

अन्नातून विषाणू पसरतच नाहीत, असा मात्र याचा अर्थ कुणी घेऊ नये. नोरोव्हायरस, काविळीचे ‘ए’ आणि ‘ई’ विषाणू यांचा तो हमरस्ताच आहे. त्यांना मेदाचं आवरण नसतं, जठराच्या आम्लाला ते दाद देत नाहीत, आणि नोरोव्हायरसचे तर अगदी थोडे कणही माणसाला आडवं करायला पुरतात. सॅनिटायझरनंही त्याचं फारसं बिघडत नाही, त्याला साबण-पाणीच लागतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून. तेव्हा नवी साथ आली की पहिला प्रश्न ‘विषाणू कोणता?’ हा नसून ‘तो शरीरात शिरतो कुठून?’ हा असला पाहिजे. तोंडावाटे पोटात शिरणारा असेल तर स्वयंपाकघर आणि पाणी सांभाळायचं. श्वासातून शिरणारा असेल तर हवा. करोना श्वासातला होता आणि आपण बराच काळ त्याला पोटातल्या विषाणूसारखं वागवलं.

पिशवीची भीती मुळात कुठून आली? १७ मार्च २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. त्यात विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत सापडल्याचं म्हटलं होतं. जगभरच्या बातम्यांनी ‘प्लास्टिकवर तीन दिवस’ एवढंच उचललं. त्याच निबंधात पुढचीही गोष्ट होती. प्लास्टिकवर दर सुमारे सात तासांनी विषाणूची संख्या निम्मी होत होती. म्हणजे सुरुवातीला प्रचंड संख्येनं टाकलेले विषाणू तिसऱ्या दिवशी जेमतेम सापडण्याइतके उरले होते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: प्रयोगात पृष्ठभागावर टाकलेली मात्रा खऱ्या आयुष्यातल्या शिंकेपेक्षा अतोनात मोठी होती.

साखळी पायरीपायरीनं जोडून पाहिली की हे पटतं. पिशवी बांधणाऱ्याला लागण झालेली हवी. तो नेमका पिशवीवर खोकायला हवा. थेंब वाळूनही त्यातले विषाणू पुरेसे उरायला हवेत. त्यातले काही आपल्या बोटांना चिकटायला हवेत, बोटांवरूनही काहीच पुढे सरकतात. मग ती बोटं न धुता नाकाशी किंवा डोळ्याशी जायला हवीत. प्रत्येक पायरीवर संख्या घटत जाते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं अंदाज मांडला की दूषित पृष्ठभागाला लागलेल्या प्रत्येक स्पर्शामागे लागणीची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ हून कमी असते. तीही जेवणाआधी हात धुतले की संपल्यात जमा.

नागपूरकरांना तर आपल्या उन्हाचाही हातभार होता. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये दाखवलं की अंधारात २० अंशांवर काचेवर विषाणू २८ दिवस तग धरू शकतो. ही बातमीही आपल्याकडे भयंकर म्हणून फिरली. पण त्याच प्रयोगात ४० अंशांवर तो दोन दिवसांच्या आत संपला, आणि निम्मं होण्याचा काळ तासांवर आला. त्यातही तिथे अंधार होता. उन्हातले अतिनील किरण याहून झपाट्यानं काम करतात. २०२० च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. अशा दुपारी दुचाकीच्या मागच्या पेटीतून आलेल्या पिशवीवर विषाणू टिकण्याची चिन्हं फारशी नव्हती. याच्या उलट टोकाचं उदाहरण चीनमधल्या किंगदाओ बंदराचं आहे. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये आयात केलेल्या गोठवलेल्या माशांच्या वेष्टनावर जिवंत विषाणू सापडल्याचं चिनी रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं. शून्याखाली गोठवलेल्या मालाच्या साखळीत, तो माल उतरवणाऱ्या कामगारांबाबत ही शक्यता विचारात घ्यायची. गरम पोळी-रश्श्याला ती लागू होत नाही.

चुकीच्या भीतीची किंमत मात्र मोजावी लागली, आणि ती मला विशेष महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं मे २०२० मध्ये लोकांना विचारणा केली, तेव्हा ३९ टक्क्यांनी संसर्ग टाळण्यासाठी काही ना काही घातक प्रकार केल्याचं सांगितलं. १९ टक्के लोकांनी खाण्याच्या वस्तूंना ब्लीच लावलं होतं. आपल्याकडेही भाजी साबणाच्या पाण्यात बुडवणं, फळांवर सॅनिटायझर मारणं सर्रास झालं. साबण आणि क्लोरीनची पावडर पोटात जायची वस्तू नव्हे. भाजीला स्वच्छ वाहतं पाणी पुरतं.

याहून फसवा प्रकार ‘पार्सल थोडा वेळ बाहेर राहू द्या’ हा. किराण्याच्या बंद पुड्यांना तो चालून जातो. शिजवलेल्या अन्नाला तो घातक, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात दुप्पट घातक. अन्नातले जिवाणू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्यानं वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० च्या वर आणि थंड पदार्थ ५ च्या खाली ठेवायचा, हा अन्नसुरक्षेचा पहिला धडा. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि बाहेर ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर एकच तास, असा सर्वमान्य नियम आहे. नागपुरात मार्च ते जून दुपारी, आणि ऐन उन्हाळ्यात तर रात्री दहालाही, हा एक तासाचाच नियम लावावा लागतो.

भाताचं उदाहरण घेऊ, कारण वडाभात हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा पदार्थ आणि पुलाव-बिर्याणी तर पार्सलमध्ये हटकून असते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपानं असतो. भात शिजताना इतर सगळे मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. म्हणजे ज्या घरानं करोनाच्या धास्तीनं बिर्याणीचा डबा दोन-अडीच तास गॅलरीत ठेवला आणि मग ‘चांगली खळखळून’ गरम करून खाल्ली, त्या घरानं जवळजवळ नसलेला धोका टाळण्यासाठी असलेला धोका ओढवून घेतला. दवाखान्यांत खाटा मिळत नसताना उलट्या-जुलाबांनी आजारी पडणं ही साधी गोष्ट नव्हती. पार्सल आलं की पिशवी बाजूला करायची, हात धुवायचे आणि गरम असतानाच जेवायचं. आपल्याला एवढंच करायचं होतं.

आता हवेकडे वळू. या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

२४ जानेवारी २०२० रोजी चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी ग्वांगझू शहरातल्या एका वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवायला बसली. त्यातलं एक आदल्या दिवशी वुहानहून आलेलं होतं. टेबलांत साधारण एक मीटरचं अंतर होतं. कुटुंबं एकमेकांच्या ओळखीची नव्हती आणि एकाच वेळी ती तिथे तासाभराच्या आसपासच होती. पुढच्या काही दिवसांत या तीन टेबलांवरच्या एकूण १० जणांना करोना झाल्याचं निष्पन्न झालं. त्याच मजल्यावर आणखी ७३ ग्राहक आणि ८ वाढपी होते. त्यांच्यातल्या एकालाही लागण झाली नाही. जेवण एकाच स्वयंपाकघरातून सगळ्या टेबलांवर गेलं होतं, ताटल्या त्याच हातांनी वाढल्या होत्या. अन्नातून किंवा भांड्यांतून रोग गेला असता तर तो सगळ्या मजल्यावर विखुरला असता. तो गेला फक्त एका एसीच्या झोताच्या रेषेत बसलेल्या टेबलांवर. नंतर शास्त्रज्ञांनी तिथली हवा मोजली, तेव्हा दर माणशी दर सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा येत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं पुढे सार्वजनिक जागांसाठी १० लिटरचं मान सांगितलं.

बोलताना, हसताना, ठसका लागताना आपल्या तोंडातून थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत अगरबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. जेवताना मास्क काढावाच लागतो, गप्पा होतातच. म्हणून बंद, थंड, भरलेल्या हॉटेलात बसून जेवणं हा साथीतला सर्वांत वाईट बेत. सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात करोनाबाधित लोक हॉटेलात जेवून आलेले असण्याची शक्यता इतरांच्या मानानं जवळपास दुप्पट दिसली. त्याच हॉटेलचं तेच जेवण पार्सल करून घरी आणलं की यातलं जवळजवळ सगळं टळतं. हॉटेलात बसून जेवणं बंद करून पार्सल चालू ठेवण्याचं धोरण त्यामुळे शास्त्राला धरून होतं, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

नागपूरच्या संदर्भात डेझर्ट कूलरचा उल्लेख केलाच पाहिजे. इथल्या कितीतरी भोजनालयांत एसी नसतो. खिडकीला बाहेरून लावलेला, वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर असतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तर खोलीतली जुनी हवा सतत बाहेर पडत राहते. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इशरे’ या भारतीय संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या सूचनांमध्ये हेच होतं: कूलर बाहेरची हवा घेणारा हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात. खोलीच्या मध्यभागी ठेवून आतलीच हवा फिरवणाऱ्या कूलरनं हा फायदा मिळत नाही. आपल्या जुन्या, गरिबाघरच्या सोयीत श्वासाच्या रोगाविरुद्धचं चांगलं साधन होतं.

पार्सल घ्यायला आपण स्वतः गेलो तर काय? धोका तिथे परत डोकं वर काढतो, कारण काउंटरवर गर्दी असते. दुकान बंद करण्याची वेळ लवकरची असली की सगळे एकाच तासात येतात. सगळ्यांची नजर आपला नंबर कधी येतो याकडे, एकमेकांना खेटून, मास्क हनुवटीवर. ऑर्डर आधी फोनवर देणं, पैसे ऑनलाइन भरणं आणि दुकानाच्या आत न थांबता बाहेर मोकळ्यावर थांबणं या तीन गोष्टींनी काउंटरवरचा धोका फार कमी होतो. पदपथावरच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर उघड्या आकाशाखाली अंतरावर उभं राहून खाणं हे बंद एसी हॉलमधल्या जेवणाहून श्वासाच्या दृष्टीनं सुरक्षित होतं, हे त्या काळात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. पोहे ज्या रद्दी कागदावर मिळतात, त्याची शाई पोटात जाऊ नये म्हणून वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई आहे. पण तो वेगळा धोका आणि बारमाही.

आता दारातल्या माणसाकडे. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण दिल्लीत पिझ्झा पोचवणाऱ्या एका तरुणाला करोना झाल्याचं कळलं आणि ७२ कुटुंबांना घरातच विलग राहायला सांगण्यात आलं. देशभर बातमी गेली. ज्या भीतीनं आपण भाजीवाल्याकडे पाहत होतो ती आता दुचाकीवरच्या पोराकडे वळली. कुठे लिफ्ट वापरू देईनात, कुठे ‘भाऊ, तिथंच ठेवा, फाटकाला हात लावू नका’ असं ओरडून सांगितलं जाई. गणित सरळ मांडलं तर भीती उलट दिशेनं असायला हवी होती. ग्राहकाची आणि त्याची गाठ काही सेकंदांची, तीही बहुधा उघड्यावर. त्याची मात्र दिवसभरात कितीतरी स्वयंपाकघरांशी, काउंटरवरच्या गर्दीशी आणि दारांशी गाठ. त्यातल्या कोणत्या दारामागे रुग्ण आहे हे त्याला ठाऊक नसे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, नागपूर जिल्ह्यात एकेका दिवशी ७,००० हून अधिक नवे रुग्ण सापडत होते. पार्सल मागवणाऱ्यांत घरीच विलगीकरणात असलेली माणसं कितीतरी असणार. घरात चूल पेटवायला कुणी उभं राहू शकत नव्हतं म्हणून तर ती मागवत होती.

कंपन्यांनी दाराशी पिशवी ठेवून मागे सरकण्याची सोय केली. ती दोघांसाठीही चांगली होती. ॲपवर पोचवणाऱ्याच्या अंगाचं तापमान दाखवण्याची पद्धतही निघाली. त्यानं ग्राहकाला दिलासा मिळाला, पण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच माणूस विषाणू सोडू लागतो, आणि कित्येकांना ताप येतच नाही. आकड्यापेक्षा दोघांच्या तोंडावरचा मास्क जास्त कामाचा होता, ग्राहकाच्यासुद्धा. दार उघडताना पोरानं मास्क लावलाय का हे पाहणाऱ्या कितीतरी जणांनी स्वतः मास्क लावलेला नसे.

सरकारी आदेशांतही हीच दिशा दिसते. एप्रिल २०२१ च्या महाराष्ट्राच्या आदेशांनुसार घरपोच सेवा देणाऱ्यांनी लस घ्यायची होती, नाहीतर १५ दिवसांच्या आतलं आरटी-पीसीआर निगेटिव्ह प्रमाणपत्र जवळ बाळगायचं होतं. १० एप्रिलपासून नियम मोडणाऱ्याला १,००० रुपये आणि आस्थापनेला १०,००० रुपये दंड. अडचण अशी की त्या वेळी लस ४५ वर्षांवरच्यांनाच मिळत होती. पार्सल पोचवणारी मुलं बहुतेक विशी-तिशीतली. १८ वर्षांवरच्यांसाठी लस खुली झाली १ मे रोजी, आणि तुटवड्यामुळे महाराष्ट्रानं १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण त्याच महिन्यात थांबवलं. म्हणजे त्या मुलांसमोर रस्ता एकच उरला: दर पंधरवड्याला नाकात काडी घालून घेणं, तेही चाचणी केंद्रांवर रुग्णांच्या रांगेत उभं राहून.

इथे नागपूरच्याच एका शोधाची आठवण होते. इथल्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘नीरी’नं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करण्याची पद्धत विकसित केली. पर्यावरणीय विषाणूशास्त्र विभागाचे डॉ. कृष्णा खैरनार यांनी त्यात पुढाकार घेतला. नळीतल्या सलाइनच्या पाण्यानं पंधरा सेकंद गुळणी करायची, पंधरा सेकंद तोंडात घोळवायचं आणि त्याच नळीत थुंकायचं. काडी नको, नमुना घेणारा तंत्रज्ञ नको, रांग नको. स्वतःचं स्वतः करता येणारी ही चाचणी, वारंवार तपासणी लागणाऱ्या माणसांसाठीच जणू तयार झाली होती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मान्यता तिला मिळाली मे २०२१ मध्ये, लाटेचा जोर ओसरत असताना.

सगळ्यांत कमी दिसला तो स्वयंपाकी. पार्सल मागवणाऱ्यानं त्याला कधी पाहिलेलंच नसतं. भट्टीची धग, कढईचा धूर, खांद्याला खांदा लावून उभी चार माणसं, ठसका लागला की मास्क खाली, आवाज चढवून बोलणं, कारण पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही. श्वासाच्या रोगाला याहून सोयीची जागा नाही. कॅलिफोर्नियात २०२० च्या मार्च ते ऑक्टोबर या काळातल्या कामकरी वयाच्या लोकांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. साथ नसती तर जितके मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा अन्न आणि शेती क्षेत्रातल्या कामगारांचे मृत्यू ३९ टक्क्यांनी जास्त झाले. आणि स्वयंपाक्यांचे ६० टक्क्यांनी. घरात बसून पिशवीवर सॅनिटायझर मारणाऱ्यांनी हा आकडा पाहायला हवा. अशा स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारा मोठा एक्झॉस्ट पंखा, समोरून ताजी हवा यायला उघडं दार आणि आजारी पडलेल्याला पगार न कापता सुट्टी, एवढ्यानं जे साधतं ते हजार बाटल्या सॅनिटायझरनं साधत नाही. पगार कापला जाणार असेल तर तापातही माणूस कामावर येतो.

एक गोष्ट मात्र समाधानानं लिहावीशी वाटते. दुसऱ्या लाटेत अनेक घरगुती डबेवाल्या बायकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी बाधितांच्या घरी दोन वेळचं जेवण पोचवलं. डबा फाटकाला अडकवायचा, फोन करायचा आणि निघायचं. रिकामा डबा परत घ्यावा का, यावर त्या बायका साशंक असत. उत्तर सोपं होतं: साध्या भांडी घासायच्या साबणानं विषाणूचं मेदाचं आवरण विरतं. नेहमीसारखा घासून, धुऊन, उन्हात पालथा घातलेला स्टीलचा डबा पूर्ण सुरक्षित. वापरून फेकायच्या डब्यांच्या ढिगांची काही गरज नव्हती.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. पहिली, साथ असो वा नसो, पार्सल घेताना बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक पाहा. जानेवारी २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे. पोटातून पसरणाऱ्या रोगांना अटकाव तिथून सुरू होतो, आणि ते रोग दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात येतात.

दुसरी विनंती मोठी आहे. भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं. आधी आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीत पोलीस, महसूल, पालिका कर्मचारी, मग ज्येष्ठ. ‘आघाडीचे कर्मचारी’ या यादीत हॉटेलचा स्वयंपाकी नव्हता, पार्सल पोचवणारा मुलगाही नव्हता. शहरानं घरात बसावं म्हणून जे रस्त्यावर राहिले त्यांना वयाच्या रांगेत शेवटी उभं केलं गेलं. पुढची श्वासाची साथ येईल तेव्हा त्यांची नावं पहिल्या यादीत असावीत, असा आग्रह आपण आपल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे आत्ताच धरायला हवा. यादी साथ आल्यावर करायला घेतली की उशीर होतो, हे नागपूरनं एप्रिल २०२१ मध्ये पाहिलं आहे.